आधी बघा, मग अडवा : पेढीच्या नेटवर्कची राखण पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची एखादी अडत पेढी डोळ्यांसमोर आणा. टॅली असलेला दिवाणजींचा संगणक, पट्ट्या छापणारे आणखी चार, एक प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं अंगठ्याचं यंत्र आणि गाळ्यावर येणाऱ्या शेतकरी-व्यापाऱ्यांना दिलेलं वायफाय. हे सगळं बहुतेक ठिकाणी इंटरनेटवाल्याने बसवून दिलेल्या एकाच राउटरला जोडलेलं असतं. अशा पेढीचं, पतसंस्थेचं किंवा कुपवाडच्या एखाद्या कारखान्याचं नेटवर्क सांभाळायचं काम नव्याने अंगावर पडलं, की फायरवॉल, आयडीएस, आयपीएस, सिग्नेचर, व्हीलॅन असे शब्द एकदम येऊन आदळतात. विकणारा ते सगळे एका डब्यात घालून विकतो. पण प्रत्येक शब्दाचं काम वेगळं आहे. कुठलं काम आधी करायचं हे कळलं नाही, तर पैसे जातात आणि दार उघडं ते उघडंच राहतं. म्हणून इथे शब्द कामाच्या क्रमाने घेतले आहेत.

पहिलं काम : मोजदाद

एक वही घ्या. नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव, ती कुठे ठेवली आहे, तिचा आयपी पत्ता आणि मॅक पत्ता लिहून काढा. आयपी हा नेटवर्कवरचा पत्ता, तो बदलू शकतो. मॅक हा कार्डाला कारखान्यातून मिळालेला क्रमांक. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा ऑल या पर्यायासकट दिली की दोन्ही दिसतात. मोबाइल मात्र मॅकवरून ओळखायला जाऊ नका. आताचे फोन वेगवेगळ्या वायफायला वेगवेगळा मॅक दाखवतात.

आतले पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधलेही खासगीच. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत; बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी स्वतःचा पत्ता लावतो, त्याला नॅट म्हणतात. आता राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, कोणता आहे तो पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर इंटरनेट कंपनी तुमच्या राउटरच्याही पुढे आणखी एक नॅट करते आहे. अशा वेळी बाहेरच्याला तुमच्यापर्यंत थेट पोचता येत नाही. स्टॅटिक आयपी घेतला असेल तर मात्र तुम्ही थेट रस्त्यावर आहात, आणि जगभरातून दार ठोठावणं पहिल्याच दिवशी सुरू होतं.

नॅट म्हणजे संरक्षण नव्हे, हे इथेच पक्कं करून घ्या. मेलमधून आलेली वाईट फाइल आतून बाहेर जोडणी करते, आणि नॅट तिला आनंदाने जाऊ देतो. शिवाय आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर नॅटचा पडदा मुळात नसतोच; तिथे फायरवॉलचाच आधार.

दुसरं काम : उघडी दारं बंद करणं

पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या खिडक्या. क्रमांक ० ते ६५५३५. काही पाठच करा : २२ वर एसएसएच आणि २३ वर टेलनेट (दोन्ही लांबून यंत्राला आज्ञा द्यायला), ५३ वर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा), ८० आणि ४४३ वर वेब, ४४५ वर विंडोजचं फाइल शेअरिंग, ५५४ वर कॅमेऱ्याचं चित्र, ३३८९ वर रिमोट डेस्कटॉप.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग या पानावर जा. तिथली प्रत्येक ओळ म्हणजे बाहेरून आत येणारं एक दार. दोन ओळी हमखास सापडतात. एक डीव्हीआरची, मालकांना घरून कॅमेरे दिसावेत म्हणून कुणीतरी केलेली. दुसरी ३३८९ ची, टॅलीवाल्याला किंवा सीएला लांबून काम करता यावं म्हणून. दोन्ही काढायच्या. यूपीएनपी नावाचा पर्याय चालू असेल तर तोही बंद करा, कारण तो चालू असताना आतलं एखादं यंत्र तुम्हाला न विचारता स्वतःच दार उघडून घेतं.

या दोन दारांबद्दल इतका आग्रह का? २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या टोळीने, जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज केले, तेही कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डांच्या यादीवर. यंत्राचा मालक कोण, पेढी केवढी, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पत्ता सापडला की टेलनेटवर यादी चालवायची. रिमोट डेस्कटॉपवरही हेच होतं. पासवर्डमागून पासवर्ड वापरून पाहण्याला ब्रूट फोर्स म्हणतात, आणि खरा पासवर्ड सापडला की पुढे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी. ३३८९ ऐवजी ३३९० वर चालवलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. सगळे पोर्ट तपासणाऱ्या स्कॅनरला ते लगेच सापडतं.

बाहेरून खरंच काम करायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी कुलूपबंद वाट. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन, आणि रिमोट डेस्कटॉप त्याच्या आत. व्हीपीएनसाठीही एक पोर्ट उघडावा लागतो, पण वायरगार्ड योग्य किल्ली नसलेल्याला उत्तरच देत नाही. दार आहे हेच बाहेरच्याला कळत नाही.

केलेलं काम तपासायला एनमॅप हा उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्राम वापरा. संगणक मोबाइलच्या इंटरनेटला जोडून आपल्याच वॅन पत्त्याचं स्कॅन करा, कारण आतून केलेलं स्कॅन बाहेरचं खरं चित्र दाखवत नाही. स्कॅन फक्त आपल्या किंवा लेखी परवानगी असलेल्या नेटवर्कचं करायचं. शेजारच्या गाळ्याचं गंमत म्हणूनही नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत हात घातला तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमं ४३ आणि ६६ लागू शकतात.

तिसरं काम : फायरवॉल आणि भिंती

फायरवॉल पाहतो तो मुख्यतः पत्ता, पोर्ट आणि जोडणीची दिशा. आतल्या कुणी मागितलेलं उत्तर असेल तर तो आत घेतो, न मागता आलेलं अडवतो. कुणी काय मागितलं हे तो लक्षात ठेवतो, म्हणून त्याला स्टेटफुल म्हणतात. पाकिटावरचा पत्ता वाचून टपाल घेणारा माणूस म्हणा हवं तर. पाकीट फोडून आतला मजकूर वाचणं हे पुढच्याचं काम. नियम लिहिताना मूळ धोरण 'सगळं बंद' असं ठेवा आणि लागेल तेवढंच उघडा. नियम वरून खाली वाचले जातात आणि बहुतेक फायरवॉलमध्ये पहिला जुळलेला लागू होतो. त्यामुळे 'सगळ्यांना परवानगी' ही ओळ वर राहिली, तर खालच्या वीस ओळी नुसत्या शोभेच्या. आणि नवशिके आतून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचा विचारच करत नाहीत. डीव्हीआरला इंटरनेटवर जायची गरज क्वचितच असते. बंद करा.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर (संगणकांच्या तारा जोडायच्या डब्यावर) उभ्या केलेल्या भिंती. त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच लागतो. साध्या स्विचवर हे होत नाही. वर सांगितलेल्या पेढीला तीन पुरतात : १० हिशेबाचे संगणक, २० कॅमेरे आणि हजेरी यंत्र, ३० पाहुण्यांचं वायफाय. ३० मधून १० कडे काहीही जाऊ द्यायचं नाही. सौद्याच्या दिवशी गाळ्यावर पन्नास अनोळखी मोबाइल जोडलेले असतात, आणि त्यातला एक जरी बिघडलेला असला तरी दिवाणजींच्या संगणकापर्यंत त्याची वाट नसावी. इथे एक चूक नेहमी होते : व्हीलॅन केले, पण त्यांच्यामधले फायरवॉलचे नियम लिहिलेच नाहीत. मग राउटर इकडचं तिकडे नेऊन देत राहतो आणि भिंत कागदावरच राहते. भिंत उभी आहे का, हे ३० मधून १० मधल्या संगणकाला पिंग करून (म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारी आज्ञा देऊन) पाहा. उत्तर आलं तर काम झालेलं नाही.

चौथं काम : पाहणारा आणि अडवणारा

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या खुणा सांगलीत कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. ती खूण पाणी थांबवत नाही. पाणी कुठवर आलं ते सांगते, पुढचं माणसांनी करायचं. आयडीएस, म्हणजे घुसखोरी ओळखणारी यंत्रणा, तशीच आहे. ती वाहतुकीची प्रत वाचते आणि काही वावगं दिसलं की अलर्ट देते. आयपीएस ही घुसखोरी रोखणारी यंत्रणा वाहतुकीच्या मधोमध बसते, आणि वावगं पाकीट (पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) तिथेच टाकून देते. धरणाच्या दरवाज्यासारखी. दरवाजा चुकीच्या वेळी पडला तर काय होतं, हेही इकडे सांगायला नको.

या मधोमध बसण्याला इनलाइन म्हणतात. आयडीएसला प्रत लागते, ती स्विचच्या मिरर पोर्टवरून, म्हणजे इतर पोर्टांच्या वाहतुकीची नक्कल देणाऱ्या खाचेतून, मिळते. आयडीएसचा डबा बंद पडला तर पेढीचं काम चालूच राहतं, फक्त नजर जाते. आयपीएसचा डबा बंद पडला तर दोन शक्यता. फेल ओपन म्हणजे वाहतूक तपासणीशिवाय चालू. फेल क्लोज म्हणजे सगळंच ठप्प. डबा घेताना हा प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.

सुरुवातीला विकत घ्यायची घाई नको. ओपीएनसेन्स ही फुकट मिळणारी फायरवॉल प्रणाली आहे आणि तिच्यात सुरिकाटा हे आयडीएस-आयपीएस आधीपासून असतं. स्नॉर्ट त्याहून जुना, १९९८ चा. दोघांच्या नियमांची भाषा बरीच सारखी, त्यामुळे एक शिकलात की दुसरा वाचता येतो. १०० ते २०० एमबीपीएसच्या जोडणीला चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १२० जीबीचा एसएसडी आणि किमान दोन नेटवर्क कार्डं एवढ्यावर भागतं. कार्डं इंटेलची घ्या. ही प्रणाली फ्रीबीएसडीवर चालते आणि रियलटेकची काही कार्डं तिथे भाराखाली अडखळतात.

नजर वॅनवर (बाहेरच्या बाजूला) ठेवायची की लॅनवर (आतल्या बाजूला)? लॅनवर. वॅनच्या बाजूला नॅट होऊन गेलेला असतो, त्यामुळे सगळे अलर्ट राउटरच्याच नावावर दिसतात आणि आतला नेमका कुठला संगणक बिघडला ते कळत नाही. शिवाय वॅनवर दिवसभर येणाऱ्या स्कॅनचा गोंगाट असतो, जो फायरवॉल तसाही अडवतच असतो. तिसरं कारण तांत्रिक आहे : इथल्या बऱ्याच फायबर जोडण्या पीपीपीओई या युजरनेम-पासवर्डच्या पद्धतीने लॉगिन होतात, आणि ओपीएनसेन्सचा इनलाइन मोड नेटमॅप नावाच्या ज्या घटकावर चालतो त्याला पीपीपीओई जमत नाही. व्हीलॅन केले असतील तर व्हीलॅन नव्हे, त्याखालचा मूळ इंटरफेस निवडा आणि प्रॉमिस्क्युअस मोड (सगळीच पाकिटं वाचायचा पर्याय) चालू करा. हार्डवेअर ऑफलोडिंगचे (पाकिटांचं काम कार्डावर सोपवायचे) तिन्ही पर्याय, म्हणजे चेकसम, टीएसओ आणि एलआरओ, बंद असले पाहिजेत. ते चालू राहिले तर कार्ड पाकिटं स्वतःच जोडून पुढे देतं, आणि तपासणाऱ्याला मूळ पाकीट दिसतच नाही.

होम नेट या जागी आपल्या आतल्या पत्त्यांचे पट्टे अचूक भरा. 'आत' आणि 'बाहेर' हे नियमांना इथूनच कळतं. चुकलं तर यंत्रणा हिरवी दिसते, चालू दिसते आणि एकही अलर्ट देत नाही. म्हणून लगेच चाचणी घ्या. टेस्टमायनिड्स डॉट ऑर्ग या स्थळावरचं यूआयडी चाचणीपान साध्या एचटीटीपीवर उघडलं, की क्रमांक २१००४९८ चा अलर्ट यायला हवा, अर्थात इमर्जिंग थ्रेट्स या नियमसंग्रहाचे फुकट नियम उतरवून चालू केले असतील तर.

नियम कसा वाचायचा

सिग्नेचर म्हणजे ओळखीची खूण, आणि नियम म्हणजे ती खूण दिसली तर काय करायचं याची ओळ. ओळीचा पहिला शब्द कृती. अलर्ट म्हणजे फक्त सांग. ड्रॉप म्हणजे गुपचूप टाकून दे. रिजेक्ट म्हणजे टाकून दे आणि पाठवणाऱ्याला नकार कळव. पास म्हणजे याला पुढे तपासू नकोस. बाहेरून येणाऱ्याला ड्रॉप बरा, कारण त्याला काहीच कळत नाही. आतल्या संगणकाला कधी कधी रिजेक्ट बरा, नाहीतर प्रोग्राम वाट पाहत लटकतो आणि दिवाणजी 'नेट स्लो आहे' म्हणून तुम्हाला बोलावतात.

कृतीनंतर प्रोटोकॉल, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट, बाण, घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट. नंतर कंसात बाकीचं : संदेश, शोधायचा मजकूर, किती वेळात किती वेळा, एसआयडी म्हणजे नियमाचा क्रमांक, आणि आवृत्ती. स्वतः लिहिलेल्या नियमांना १०००००० पासून पुढचे क्रमांक द्या, त्याखालचे राखीव आहेत. २०००००० पासून इमर्जिंग थ्रेट्सचे सुरू होतात, तिकडे जाऊ नका.

'किती वेळात किती वेळा' याला थ्रेशोल्ड म्हणतात, आणि पुलाजवळची खूण म्हणजे हेच. एका पत्त्यावरून ६० सेकंदांत ५ वेळा लॉगिन फसलं तर अलर्ट, असा नियम कामाचा. एकदाच फसलं तर अलर्ट, हा नियम पासवर्ड विसरणाऱ्या प्रत्येक माणसाला चोर ठरवतो.

सिग्नेचरला ओळखीचाच हल्ला दिसतो. दुसरी पद्धत अ‍ॅनॉमली : नेहमीचं वागणं शिकायचं आणि त्यापेक्षा वेगळं काही झालं की ओरडायचं. ऐकायला ही छान वाटते. पण फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक वाढली की पेढीची वाहतूक आपोआप वेगळी होते, आणि ती ओरडत बसते. नवख्याने सिग्नेचरपासूनच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाचवं काम : दोन आठवडे फक्त बघणं

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे, आणि ते टाळल्यानेच बहुतेक आयपीएस महिन्याभरात बंद करून ठेवले जातात. पहिले दोन आठवडे सगळे नियम अलर्टवरच ठेवा. रोज सकाळी अर्धा तास अलर्ट वाचा. चांगल्या वाहतुकीवर आलेला खोटा अलर्ट म्हणजे फॉल्स पॉझिटिव्ह. वाईट वाहतूक न दिसणं म्हणजे फॉल्स निगेटिव्ह. पहिला छळतो, दुसरा बुडवतो.

खोटे अलर्ट इतके का येतात, त्याचा हिशेब करून पाहा. समजा, दिवसाला २ लाख जोडण्या होतात, त्यातल्या २ वाईट आहेत, आणि यंत्रणा चांगल्या जोडणीबाबत हजारात एकदाच चुकते. तरी २०० खोटे अलर्ट येणार, आणि त्यांच्या गर्दीत खरे दोन. यंत्रणा वाईट आहे म्हणून हे होत नाही; चांगल्या वाहतुकीचा ढीगच प्रचंड असतो. म्हणून उपयोग नसलेले नियम आधी काढा. पेढीत लिनक्स वेबसर्व्हर नाही, तर त्याच्यावरच्या हल्ल्यांचे हजारो नियम कशाला? उरलेल्यांपैकी रोज तोच संगणक, तोच नियम आणि कारण कळलेलं असेल, तर तेवढ्या एका पत्त्यापुरता सप्रेस करा, म्हणजे त्याचा अलर्ट दाबा. अख्खा नियम बंद करू नका, आणि का सप्रेस केला ते तारखेसह वहीत लिहा.

सहावं काम : अडवायला सुरुवात

सगळं एकदम ड्रॉपवर टाकायचं नाही. आधी ते गट घ्या जिथे चूक व्हायची शक्यता कमी : ओळखीच्या मालवेअरला (वाईट प्रोग्रामला) आज्ञा देणारे नियंत्रण सर्व्हर, वाईट ठरलेल्या पत्त्यांच्या याद्या, आणि ४४५ वरच्या हल्ल्यांचे नियम. या ४४५ चं महत्त्व १२ मे २०१७ ला पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने दाखवून दिलं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती; ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्या फाइली गेल्या. अडवणारा कितीही चांगला असला तरी पॅचला, म्हणजे अशा दुरुस्तीला, पर्याय नाही, आणि एसएमबीची (४४५ वरच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती बंदच ठेवायची.

बदल सौदे नसलेल्या दिवशी करा. आधी फायरवॉलची सेटिंग फाइल उतरवून ठेवा. मोड बदलल्यावर पाच गोष्टी चालवून बघा : ई-वे बिल, जीएसटीचं पोर्टल, बँक, टॅलीचं अपडेट आणि प्रिंटर. एखादी अडली तर ड्रॉपच्या लॉगमधून एसआयडी शोधा आणि तेवढा परत अलर्टवर न्या. त्यानंतर दर आठवड्याला एकच गट वाढवा. नियमांचं अपडेट रोज रात्री आपोआप होऊ द्या, कारण जुन्या खुणांनी नवे चोर ओळखू येत नाहीत.

आयपीएसला काय दिसत नाही, तेही माहीत हवं. वेबची बहुतेक वाहतूक टीएलएसने कुलूपबंद असते. तिच्यात पत्ता आणि बहुधा संकेतस्थळाचं नाव दिसतं, मजकूर दिसत नाही. पेन ड्राइव्हने आलेलं त्याच्यासमोरून जातच नाही. एकाच व्हीलॅनमधल्या दोन संगणकांमधलं बोलणं स्विचवरच संपतं. म्हणून प्रत्येक संगणकावर अँटिव्हायरस हवा आणि विंडोजचा इव्हेंट लॉग चालू हवा. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे झालेलं. रात्री दोन वाजता ४६२५ ची रांग आणि तिच्या शेवटी एक ४६२४ दिसला, तर पुढचा परिच्छेद लगेच वाचा.

खरा अलर्ट आला तर

त्या संगणकाची नेटवर्कची तार काढा, वायफाय बंद करा. संगणक बंद करू नका. मेमरीतला पुरावा वीज गेली की जातो. वेळ, एसआयडी, दोन्हीकडचे पत्ते लिहा, पडद्याचा फोटो मोबाइलने काढा. फायरवॉलचे लॉग दुसरीकडे कॉपी करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात आणि घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सेवेने) जुळवलेली असावी लागतात. त्यांचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ४९४९. घड्याळाची बाब क्षुल्लक वाटते, पण डीव्हीआर सात मिनिटं पुढे आणि फायरवॉल चार मिनिटं मागे असेल, तर आधी काय झालं हेच सिद्ध करता येत नाही.

परत उभं राहायचं ते बॅकअपवर. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. त्यातली एक तार काढून ठेवलेली, कारण रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं. सांगलीत 'दुसरी जागा' याचा अर्थ नीट घ्या. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. पेढी आणि घर दोन्ही नदीकाठच्या भागात असतील तर ती एकच जागा झाली. विटा किंवा जतला कुणी पाहुणे असतील तर डिस्क तिकडे द्या, एन्क्रिप्ट करून. फायरवॉलचा डबा आणि यूपीएसही जमिनीवर नाही, भिंतीवर छातीच्या उंचीला.

डेटा परत भरण्याआधी चोर कुठल्या दाराने आला ते लॉगमध्ये शोधा आणि ते दार बंद करा. संगणक पुसून नव्याने विंडोज घाला. नुसता अँटिव्हायरस फिरवून तो पुन्हा हिशेबाला देऊ नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून, आणि बँक, मेल, फायरवॉल, व्हीपीएन या क्रमाने. मग तो संगणक १० क्रमांकाच्या व्हीलॅनमध्ये जोडा आणि पुढचे सात दिवस त्याच्या पत्त्यावरचे अलर्ट वेगळे काढून रोज वाचा.